हात धुतले का? दवाखान्यातली शुगर आणि उशाशी बसणारा माणूस

बोटाला सुई टोचण्याआधी हात साबणाने धुवायचे, हे मी तेहतीस वर्षं वॉर्डात सांगत आले. आणि सख्ख्या भावाच्या उशाशी बसायची वेळ आली तेव्हा नेमकं तेच विसरले.

अण्णांच्या पायात रोप लावताना काच घुसली होती. आमचा खानापूर तालुका, जुलैचा चिखल, त्यात चार दिवस हळद दाबून बसले. पाय गुडघ्यापर्यंत सुजला तेव्हा कुठे बेळगावला आणलं. पंधरा वर्षांची शुगर, त्यामुळे पायाबरोबर तिच्यावरही उपचार सुरू झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी 168 होती आणि दुपारच्या जेवणाआधी मशीनवर आकडा आला 312. सिस्टरनी डॉक्टरांना फोन लावला, इन्सुलिन वाढवायचं बोलणं सुरू झालं. तेवढ्यात माझं लक्ष अण्णांच्या बोटांकडे गेलं. गावाकडची मंडळी भेटायला आली होती, त्यांनी कुंदा, म्हणजे बेळगावची दुधाची मिठाई, आणला होता. अण्णांनी तो तोंडात घातला नाही, शपथ घालून विचारलं मी. पण नातवाला मात्र स्वतःच्या हाताने भरवला होता. हात साबणाने धुवून, टॉवेलने कोरडा करून दुसऱ्या बोटातून रक्त घेतलं. 181. खोट्या 312 वर जादा इन्सुलिन गेलं असतं तर संध्याकाळी खरी पंचाईत झाली असती.

म्हणून हे लिहायला घेतलं. डोस किती द्यायचा ते इथे सापडणार नाही, तो डॉक्टरांचा प्रांत. पण दवाखान्यात टाईप टू मधुमेहाच्या पेशंटजवळ जो मुलगा, सून, भाचा, शेजारी बसतो, त्याच्या हातात पुष्कळ काही असतं आणि ते त्याला कुणी सांगत नाही.

हात धुण्याचं आधी पुरं करते. नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने बोटाला लागलेली साखर नीट निघत नाही. केळं सोललं, संत्रं सोललं तरी आकडा चढतो. साबण-पाणी, मग पूर्ण कोरडं, कारण ओल्या बोटावर रक्त पातळ होऊन आकडा उलट कमी येऊ शकतो. सुई बोटाच्या टोकावर मधोमध नको, कडेला टोचायची, तिथे दुखतंही कमी. थेंब येत नसेल तर बोट पिळून काढू नका, हात खाली सोडून जरा थांबा. आणि ज्या हाताला ग्लुकोजची सलाईन चालू आहे त्या हातातून रक्त नको. सिस्टर गडबडीत असल्या तर दुसरा हात तुम्हीच पुढे करा, कोणी रागावत नाही.

दाखल होताना पिशवी उलटी करा

घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या आणा. नावं पाठ म्हणून दाखवू नका, "पांढरी मोठी सकाळची आणि पिवळी रात्रीची" असं तर अजिबात सांगू नका. पाकिटंच टेबलावर ठेवा. गावच्या वैद्याची पुडी असेल तर तीही. ती लाजून पिशवीत तळाशी दडवलेली असते, मी कितीदा पाहिलंय.

याचं कारण आहे. घरी ज्या गोळीवर शुगर छान असते तीच दवाखान्यात अडचणीची ठरू शकते. मेटफॉर्मिन चांगली गोळी, पण मूत्रपिंड बिघडलं असेल, अंगात जंतुसंसर्ग पसरला असेल किंवा डाय टोचून स्कॅन करायचा असेल तर ती थांबवावी लागते की नाही हे डॉक्टरांना ठरवावं लागतं. ग्लिमेपिराईड खाऊन पेशंट जेवलाच नाही तर शुगर कोसळते, आणि मूत्रपिंड अशक्त असेल तर ती कोसळलेली शुगर वर आणली तरी तासाभराने पुन्हा खाली येते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीतून साखर बाहेर टाकतात. ठरलेल्या ऑपरेशनच्या तीन दिवस आधी त्या बंद करतात, कारण त्यांच्यामुळे रक्तात आम्ल साठू शकतं, तेही मशीनवर आकडा फार मोठा नसताना. उलट्या, पोटदुखी, जोराचा श्वास, आणि शुगर फक्त 200 च्या आसपास. असा पेशंट "शुगर तर बरी आहे की" म्हणून मागे राहतो. ही गोळी चालू होती हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं बरं.

शेवटची गोळी किंवा इन्सुलिन किती वाजता घेतलं, शेवटचं काय खाल्लं, आणि गेल्या तीन महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची तपासणी, झाली आहे का, एवढं कागदावर लिहून न्या. झाली नसेल तर दाखल झाल्यावर ती करतात. घरी जाताना कुठला उपचार द्यायचा हे बरंचसं त्या आकड्यावरून ठरतं.

आकडा किती हवा

हा प्रश्न सगळे विचारतात आणि उत्तर ऐकून नाराज होतात. वॉर्डातल्या बहुतेक पेशंटसाठी 140 ते 180 हे लक्ष्य धरतात. आकडा 180 च्या वर टिकून राहिला, म्हणजे एकदाच नव्हे, दिवसभरात पुन्हा बघितल्यावरही, तर इन्सुलिन सुरू करतात. "घरी 110 असायची, इथे येऊन 170 झाली, मग डॉक्टर करतात काय?" असं अण्णांचा मोठा मुलगा मलाच म्हणाला.

घरी 110 होती तेव्हा पायात पू नव्हता, बाबा. ताप, दुखणं, भीती, जागरण, यांनी शरीरात कॉर्टिसॉल, अॅड्रिनालिन ही ताणाची संप्रेरकं वाढतात आणि यकृत आपल्याकडची साखर रक्तात ओतू लागतं. माणसाने घासभर खाल्लं नाही तरी सकाळी 230 येते ती अशी. स्टेरॉईड चालू असेल तर आणखी. प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉईड सकाळी दिलं की उपाशीपोटीचा आकडा साळसूद आणि दुपार-संध्याकाळचा डोंगराएवढा. अशा पेशंटची फक्त सकाळची शुगर बघून खूश होऊ नका.

आणि 100 च्या खाली आणायचा हट्ट का नाही, तर तो करून झालाय. 2001 मध्ये बेल्जियममधल्या एका अभ्यासानंतर आयसीयूत शुगर 80 ते 110 ठेवायची लाट आली. मग 2009 मध्ये नाईस-शुगर नावाचा मोठा अभ्यास छापून आला, 6104 पेशंटचा. शुगर 81 ते 108 मध्ये करकचून बांधली त्या गटात नव्वद दिवसांत 27.5 टक्के पेशंट दगावले. 180 पर्यंत सैल ठेवली त्या गटात 24.9 टक्के. फार खाली घसरण्याचे प्रसंग पहिल्या गटात 6.8 टक्क्यांना आले, दुसऱ्यात अर्ध्या टक्क्याला. त्यानंतर जगभर हात सैल झाला. तेव्हा 165 दिसलं तर सिस्टरशी भांडू नका.

जेवण आणि सुई

आता मुख्य गोष्ट, आणि यात माझी स्वतःची एक चूक आहे.

नोकरीची सुरुवातीची वर्षं. माझ्या रांगेत दोन पेशंट बैलहोंगलकडचे, कन्नड बोलणारे, आणि तिसऱ्या खाटेवर चंदगडकडच्या एक आजी. दुपारी साडेबाराला इन्सुलिनचा ट्रे घेऊन निघाले. पहिल्या खाटेला विचारलं, "ऊटा आतेन्री?" जेवण झालं का, येतंय का, म्हणजे सुई द्यायला. दुसऱ्याला तेच. आणि तोंडाला वळण पडलं होतं म्हणून आजींनाही कन्नडमध्येच विचारलं. आजींना कन्नडचा गंध नाही. नातू शेजारी होता, त्याने सिस्टर काहीतरी विचारतायत म्हणून मान हलवली. मी रेग्युलर इन्सुलिन देऊन पुढे गेले. जेवण झालंच नव्हतं. नातू नंतर खानावळीत भाकरी आणायला गेला आणि बाहेर पाऊस असा कोसळला की तासभर तिथल्या पत्र्याखालीच अडकला.

सव्वादोनला मी परत आले तेव्हा आजी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. आता पावसाळा, पंखा बंद, शेजारचे लोक चादर ओढून बसलेले, आणि आजींचा पदर घामाने ओला. हाक मारली तर मला कुणा दुसऱ्याच बाईच्या नावाने बोलावलं. शुगर 46. गिळता येत होतं म्हणून तीन चमचे साखर पाण्यात कालवून पाजली. पंधरा मिनिटांनी 78. तोवर नातू भिजून आला. त्याला वाटलं आजी झोपलीय, मुद्दाम आवाज न करता डबा ठेवत होता.

त्या दिवसानंतर मी कुणालाच "जेवलात का?" असं विचारलं नाही, कुठल्याच भाषेत. "काय खाल्लं? किती खाल्लं?" असं विचारायचं. याला मान हलवून उत्तर देता येत नाही. तुम्हीही तेच करा. आपल्या भागात डॉक्टर हुबळीकडचे, सिस्टर गोकाकच्या, पेशंट निपाणीचा, आणि फाईल इंग्रजीत. समजलं नाही तर "समजलं नाही" म्हणा, "आं आं" करू नका. आणि दोनच कन्नड शब्द पाठ करा: "ऊटा इल्ला", म्हणजे जेवण नाही. ते सुईच्या आधी म्हणा.

जेवणाआधीचं इन्सुलिन दोन जातींचं असतं. जुनं रेग्युलर, ते जेवणाआधी साधारण अर्धा तास देतात. नवीन जलद इन्सुलिन जेवणाच्या अगदी तोंडावर, ताट समोर आल्यावर. कुठलं आहे ते सिस्टरना विचारून ठेवा. पेशंटला मळमळ असेल, किती खाईल याची खात्री नसेल, तर तेही सांगा; अशा वेळी काही डॉक्टर खाणं बघून मगच सुई द्यायला सांगतात. याशिवाय दिवसातून एकदा दिलं जाणारं लांब पल्ल्याचं इन्सुलिन असतं. ते जेवणासाठी नसून यकृताची साखर धरून ठेवण्यासाठी असतं. म्हणून ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलं तरी ते सहसा पूर्ण बंद करत नाहीत, थोडं कमी करतात. "पोटात काही नाही आणि सुई कसली देताय" म्हणून अडवू नका. विचारा जरूर.

डब्याबद्दल दोन शब्द. दवाखान्याचं जेवण पचपचीत म्हणून घरचा डबा येतो, आणि मग पेशंट भीडेखातर दोन्हीतलं थोडं थोडं खातो. एकच ठरवा. घरचा ठरला तर रोज तेवढाच. एक दिवस दोन भाकऱ्या आणि दुसऱ्या दिवशी भूक लागली म्हणून चार, असं झालं तर डॉक्टरांनी डोस जुळवायचा कशावर? जोंधळ्याच्या भाकरीत साखर नसते असं आपल्याकडे ठामपणे सांगतात. एका मध्यम भाकरीला पन्नास ग्रॅम पीठ लागलं तर त्यात पस्तीसेक ग्रॅम पिष्टमय भाग असतो, आणि त्याची पोटात साखरच होते. भाकरी चांगलीच आहे, तंतू आहेत, पण मोजून. शेंगाचटणी, पालेभाजी, मोडाच्या उसळीचा हात सैल ठेवला तर पोट भरतं. भेटायला येणाऱ्यांनी आणलेली बिस्किटं, ज्यूस, करदंट, सगळं जिन्याजवळच ताब्यात घ्या. वाईटपणा घ्यावा लागतो, माझ्या चुलत जाऊबाई अजून बोलत नाहीत माझ्याशी.

आणि "ताकद यावी म्हणून एक सलाईन लावा की" असा हट्ट नको. अर्धा लिटरच्या पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या बाटलीत 25 ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे पाच चमचे साखर सरळ शिरेत. गरज असते तेव्हा डॉक्टर लावतातच, आणि त्याप्रमाणे इन्सुलिन जुळवतात.

वही

दोनशे पानी लागत नाही, चाळीस पानी पुरे. उशाखाली ठेवा, पेन दोऱ्याने बांधा. पेन नेहमी कोणीतरी नेतं. अण्णांच्या वहीतल्या ओळी अशा होत्या:

सकाळी 7.10 – शुगर 164 – सुई 7.15 – उप्पीट अर्धी बशी, मळमळ म्हणून ठेवलं, चहा बिनसाखर.
11.00 – घाम, हात थरथर – 66 – साखरपाणी तीन चमचे – 11.15 ला 94 – लगेच एक भाकरी.
12.40 – 138 – डॉक्टरांना दाखवलं, सकाळची सुई कमी केली.

बघा, दवाखान्याच्या तक्त्यावर 164 आणि 138 दिसले असते, मधला 66 पण कदाचित. पण "अर्धी बशी" कुठेच दिसली नसती, आणि सगळं कारण त्या अर्ध्या बशीत होतं. राऊंडला डॉक्टर दोन मिनिटं थांबतात. तेव्हा गोष्ट सांगत बसू नका, वही उघडून समोर धरा.

जेवणाऱ्या पेशंटची शुगर तिन्ही जेवणांआधी आणि झोपताना बघतात. तोंडाने काही चालू नसेल तर चार ते सहा तासांनी. शिरेतून इन्सुलिन चालू असेल तर त्याहून पुष्कळदा. रात्री पेशंट घामाघूम झाला, बडबडला, वाईट स्वप्नं पडली, सकाळी डोकं जड आहे, तर रात्री तीनच्या सुमारास एकदा बघायला सांगा.

शुगर खाली गेली तर

70 च्या खाली म्हणजे कमी. 54 च्या खाली म्हणजे धावपळ. घाम, थरथर, धडधड, अचानक राग, असंबद्ध बोलणं. म्हाताऱ्या माणसात कधी यातलं काहीच नाही, नुसती झोप. बेल दाबा, सिस्टरना बोलवा. शुद्धीत असेल, गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटं घड्याळ लावून थांबा, पुन्हा तपासा. अजून 70 च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. वर आली की खायला द्या, नाहीतर परत उतरते. पेढा, चॉकलेट या वेळी कामाचं नाही, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. कुंदाही नाही, बेळगावकरांनी राग मानू नये.

बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. चमचाभर साखरसुद्धा नाही, पाण्याचा थेंबही नाही, श्वासनलिकेत जातं. तिथे शिरेतून ग्लुकोज द्यावं लागतं. तुमचं काम फक्त ओरडून सिस्टरना आणणं.

घरी जाताना सिरिंजचं टोपण बघा

डिस्चार्जच्या दिवशी सगळ्यांना गाडीची घाई. तरी एवढं केल्याशिवाय जिना उतरू नका.

आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात: एका मिलिलिटरमध्ये 40 युनिटची आणि 100 युनिटची. 40 ची सिरिंज लाल टोपणाची, 100 ची केशरी टोपणाची. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच हवा. 100 ची बाटली घेऊन लाल टोपणाच्या सिरिंजने 20 च्या रेघेपर्यंत ओढलं तर अंगात जातात 50 युनिट. उलट 40 ची बाटली आणि केशरी सिरिंज असेल तर 20 च्या रेघेवर फक्त 8. गावातल्या दुकानात लाल संपलेली असते आणि पोरगं दुसरी देतं, "चालतं ओ" म्हणून. चालत नाही. दवाखान्यात असतानाच सिस्टरसमोर एकदा स्वतः भरून दाखवा. वहिनींनी मी शेजारी बसलेली असताना तीनदा भरून दाखवलं, तिसऱ्यांदा बरोबर आलं. पहिल्या दोनदा सुईत हवा राहिली होती.

पोटावर द्यायचं, बेंबीपासून दोन बोटं सोडून, रोज जागा थोडी बदलून. एकाच जागी देत राहिलं की गाठ येते आणि त्या गाठीतून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. दिल्यावर चोळायचं नाही.

दवाखान्यात कोणत्या गोळ्या बंद केल्या आणि त्यातल्या कोणत्या परत सुरू करायच्या, हे कार्डावर लिहून घ्या. हे राहून जातं, आणि घरी जाऊन माणूस जुन्या गोळ्या आणि नवी सुई दोन्ही घेतो. संसर्ग उतरला की शुगरही उतरते, म्हणून दवाखान्यातला डोस घरी आठवड्याभरात जास्त होऊ शकतो. पुढच्या तपासणीची तारीख घेऊनच निघा.

न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, 2 ते 8 अंशांत, बर्फाच्या कप्प्याजवळ नाही. एकदा गोठली की फेकायची. चालू असलेली बाटली सावलीत, थंड जागी ठेवली तर साधारण महिनाभर चालते. अण्णांच्या घरी फ्रिज आहे पण पावसात वीज दोन-दोन दिवस जाते. म्हणून एका मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, आणि त्या छोट्या मडक्यात प्लास्टिकच्या डबीत बाटली, असं करून दिलं. वाळूवर रोज सकाळी पाणी शिंपडायचं. वहिनी तुळशीला पाणी घालून आल्या की त्याच तांब्यातलं उरलेलं मडक्यावर ओततात, आणि मग अण्णांना ओरडून सांगतात, आधी हात धुवा.